प्रोग्रॅममध्ये वेळ साठवायची तर टाइमस्टॅम्प की आयएसओ स्ट्रिंग?

१७०००००००० आणि २०२३-११-१४टी२२:१३:२०झेड. दोन्ही एकच क्षण.

पहिला युनिक्स टाइमस्टॅम्प: १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार) मोजलेले सेकंद. दोन वेळांतलं अंतर काढायचं तर सरळ वजाबाकी, टाइमझोनची कटकट नाही. पण लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) हा आकडा बघून काहीही कळत नाही. शिवाय एकक आकड्यावर लिहिलेलं नसतं. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद धरते, त्यामुळे सेकंदांचा आकडा तसाच तिच्या न्यू डेटला (तारीख बनवणाऱ्या आज्ञेला) दिला की २० जानेवारी १९७० ही तारीख हजर! मी यात अर्धा दिवस घालवलाय. हजाराने गुणायचं राहिलं होतं, बाकी काही नाही. जुन्या ३२ बिटी प्रणालींत हा आकडा १९ जानेवारी २०३८ला ओसंडतो, ते वेगळंच.

आयएसओ ८६०१ स्ट्रिंग डोळ्यांना वाचता येते. वर्ष आधी असल्यामुळे, ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) आणि लिहिण्याची पद्धत एकच असेल तर, साध्या अक्षरक्रमानेही बरोबर लागते. गोम शेवटच्या झेडमध्ये आहे; तो सांगतो की वेळ यूटीसीतली आहे. तो गाळला की जावास्क्रिप्ट ती वेळ स्थानिक समजते; मात्र नुसती तारीख दिली तर यूटीसी. असं का, विचारू नका.

एपीआय (दोन प्रोग्रॅममधली देवाणघेवाण) आणि लॉगसाठी मी डोळे झाकून स्ट्रिंग घेतो, झेडसकट. आतल्या हिशेबाला, टायमरला आकडा. पुढच्या वर्षीची मीटिंग मात्र दोन्हींत अडचणीची: तोवर देशाने घड्याळाचा नियम बदलला तर? तिथे स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, दोन्ही साठवा.