साथीत विखुरलेले घराणे शोधताना: तीर्थोपाध्यायांची वही आधी की महसुली दप्तर?

पटकीने (कॉलऱ्याने) किंवा गाठीच्या तापाने (प्लेगने) पणजोबांच्या पिढीतली माणसे पाठोपाठ गेली, एवढी आठवण मराठवाड्यातील पुष्कळ घरांत सांगितली जाते; ती माणसे कोण होती, हे मात्र सांगता येत नाही. अशा घराण्याचा माग काढताना आधी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदींची वही ठेवणाऱ्या पुरोहितांकडे जावे की तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या दप्तराकडे, असा प्रश्न असेल, तर इनामदार घराणी वगळता सुरुवात वहीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वहीतली नोंद आलेल्या यात्रेकरूने स्वतः सांगितलेली असते. तीत आजा, बाप, भाऊ, मुले, पुतणे, कित्येकदा आई आणि बायको यांची नावे, मूळ गाव आणि हल्लीचा मुक्काम येतो. रोगाचे नाव सहसा मिळत नाही. अर्थ लावावा लागतो तो दोन नोंदींमधल्या फरकाचा. समजा, शके १८१५ च्या, म्हणजे १८९३ च्या नोंदीत चार भाऊ मुलाबाळांसह आहेत आणि शके १८२४ मध्ये त्यांतला एकच भाऊ दोन पुतण्यांना घेऊन अस्थी विसर्जनासाठी आला आहे, तर १८९६ नंतरचा प्लेग आणि १८९९-१९०० चा दुष्काळ याच नऊ वर्षांत येतात, हे ध्यानात घेऊन पुढचा शोध आखता येतो. तरीही नाव गळले म्हणून माणूस दगावला, असे धरू नये. तो दत्तक गेलेला असेल किंवा वेगळा निघाला असेल. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत आणि काही कुटुंबे सोयऱ्यांच्या गावीच स्थिरावत, म्हणून आजोळच्या गावाची वहीही अवश्य पाहावी.

महसुली दप्तराचे बळ वेगळे आहे. निजामाच्या राज्यात इनामदार वारला की वारसाची चौकशी होई आणि त्या कागदांत शजरा, म्हणजे वंशवृक्ष जोडलेला असे; असे घराणे असेल तर मुंतखबाची, म्हणजे इनाम चौकशीच्या निर्णयपत्राची नक्कल आधी मागावी. साध्या रयतेला मात्र १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून (जमीन आणि कब्जेदार यांच्या नोंदीपासून) सेतवारापर्यंत, म्हणजे जमाबंदीच्या वेळच्या सर्व्हे नंबरवार नोंदवहीपर्यंत मागे जावे लागते, आणि तिथे खातेदाराचेच नाव भेटते. बायका-मुले त्यात नसतात. कागद फारसी, उर्दू किंवा मोडीत असल्याने वाचणारा जाणकार सोबत हवा. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या शोधामुळे पुष्कळ जुनी दप्तरे उघडली गेली, ही मोठी सोय झाली आहे.

जनगणनेच्या अहवालात घराण्याचे नाव शोधू नये. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या १,१५,३७,०४० वरून १९०१ मध्ये १,११,४१,१४२ वर आली, एवढी पार्श्वभूमी मात्र त्यातून कळते.

भूमिहीन आणि गावकुसाबाहेरच्या घराण्यांना ही दोन्ही साधने फार अपुरी पडतात, कारण यात्रेचा खर्च त्यांना परवडत नसे, तीर्थाची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती आणि जमीन नावावर नव्हती. त्यांनी घरातल्या वृद्धांकडून सोयरिकीची गावे आधी लिहून घ्यावीत आणि बलुते किंवा वतन असल्यास त्याचे कागद मागावेत. निजामाच्या दप्तरातल्या फसली, म्हणजे महसुली सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. फसली १३०९ म्हणजे १८९९-१९००.