साठी ते सत्तरी: गोव्यातल्या निवृत्त शिक्षकाने आरोग्याची सोय कशी लावावी?

गोव्यात सरकारी शाळेतला शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचे वय वंदना कार्ड मिळते सत्तराव्या वर्षी. निवड करायची आहे ती या मधल्या दहा वर्षांची, आणि ती करायची योग्य वेळ निवृत्तीच्या निरोप समारंभानंतरची नव्हे, साधारण तीन वर्षे आधीची आहे.

पर्याय मोजकेच. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, खासगी विमा पॉलिसी आणि सत्तरीनंतर आयुष्मान भारत. बांबोळीचे सरकारी रुग्णालय, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), या सगळ्यांच्या पाठीशी आहेच. अपघात, झटका, छातीत कळ अशा प्रसंगी बहुतेक गोंयकार तिथेच पोचतो. पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला तिथे रांग असते, आणि ती टाळायची असेल तरच पुढचा हिशेब कामाचा.

आधीपासूनचे दुखणे

साठीला मधुमेह, रक्तदाब किंवा कुरकुरणारा गुडघा बहुतेकांकडे असतोच. दीनदयाळ आणि आयुष्मान या दोन्हींत त्यासाठी थांबावे लागत नाही. खासगी पॉलिसीत आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. मोतीबिंदू आणि हर्नियासाठी अनेक पॉलिसींत २४ महिने थांबावे लागते. म्हणजे साठीला घेतलेली पॉलिसी खऱ्या अर्थाने त्रेसष्टीला उपयोगी पडते. सत्तावन्नाव्या वर्षी घेतली तर निवृत्तीच्या दिवशी प्रतीक्षा संपलेली असते. शिवाय सलग ६० महिने हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून दावा नाकारता येत नाही.

घोटाळा बहुधा प्रस्ताव अर्जात होतो. एजंट घाईत सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहितो आणि सही तुमची असते. रोज घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव अर्जात आले पाहिजे. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, तेव्हा सोबतची अर्जाची प्रत याच मुदतीत वाचून काढा.

रक्कम आणि खोली

दीनदयाळमध्ये तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा अधिक जणांना ४ लाख रुपये मिळतात. मुले वेगळी झाली, घरात दोघेच उरले, तर २.५ लाखच धरा. गोव्यात किमान पाच वर्षांचे वास्तव्य लागते, आणि उपचार योजनेच्या यादीत असावा लागतो. दुसऱ्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना ही योजना नाही, म्हणून जोडीदाराच्या नोकरीतून तशी सोय मिळत असेल तर नोंदणीआधीच विचारून घ्या. कार्डाचे नूतनीकरण राहून गेल्याचे अनेकांना कळते ते रुग्णालयाच्या खिडकीवर.

खासगीत आकडा मोठा दिसतो, पण खोलीभाड्याची मर्यादा वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही. उदाहरण म्हणून आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांची समान पॉलिसी पाहा. तिच्यात खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. प्रत्येक दाव्यात ५ टक्के तुमच्या खिशातून.

समजा ८,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. भाडे ३२,०००, सर्जन, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग मिळून १,२०,०००, औषधे व इम्प्लांट ६०,०००. एकूण २,१२,०००. कंपनी भाड्याचे २०,००० धरते आणि सर्जन वगैरेंचा खर्चही त्याच पाच-अष्टमांश प्रमाणात कापून ७५,००० करते. औषधे व इम्प्लांटला ही कात्री लागत नाही. बेरीज १,५५,०००. त्यातून ५ टक्के वजा जाता हाती १,४७,२५०. खोलीचा जादा खर्च अवघा १२,०००, पण खिशातून गेले ६४,७५०. बाकी आकडे तेच धरून रुग्ण ५,००० च्या खोलीत राहिला असता तर १०,००० मध्ये सुटला असता.

हप्ता

जानेवारी २०२५ पासून विमा नियामकाशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. पण वर्षाला १० टक्के वाढ म्हणजे साठीला ४०,००० असलेला हप्ता सत्तरीला लाखाच्या वर जाऊ शकतो. पेन्शन त्या वेगाने वाढत नाही. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. पूर्ण झालेली प्रतीक्षा नव्या कंपनीत मोजली जाते. बँकेच्या खातेदारांसाठीची सामूहिक पॉलिसी स्वस्त पडते, मात्र तो करार बँकेचा असतो, तुमचा नव्हे.

सत्तरीनंतर

वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट नसते, वर्षाला ५ लाख मिळतात, आणि नवरा-बायको दोघेही सत्तरीपार असतील तर ते दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी चालते. कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालते, म्हणजे बेळगाव-मुंबईलाही. घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे त्यात येतात. स्वतंत्र खोलीचा आग्रह मात्र धरता येत नाही. वय आधारवरूनच धरतात. सेवापुस्तिकेत एक जन्मतारीख किंवा माहेरचे नाव आणि आधारवर वेगळे असेल तर दुरुस्ती सत्तरीची वाट न पाहता करून घ्या.

मग कोणी काय घ्यावे

सत्तावन्न-अठ्ठावन्नला प्रकृती बरी असेल, मुले परगावी असतील आणि मुंबईत उपचार घ्यायची शक्यता असेल, तर ५ लाखांची पॉलिसी आत्ताच घ्या आणि सत्तरीला पुन्हा हिशेब मांडा. साठी उलटली, साखर जुनी आणि हप्ता पेन्शनला ओढ लावणारा, तर आमचे मत दीनदयाळच्या बाजूने. हप्त्याचे पैसे बाजूला ठेवा.

महिन्याच्या गोळ्यांचा खर्च यांतले कोणीच सहसा देत नाही. तिथे जनऔषधी केंद्र आणि सरकारी आरोग्य केंद्र. विमा नसलेल्या ज्येष्ठाला जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंतच्या औषधोपचाराची वजावट मिळते, पण रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. फार्मसीत कार्ड किंवा यूपीआयने पैसे द्या आणि बिलावर रुग्णाचे नाव घालून घ्या.