क्रॉफर्ड मार्केट ते हुतात्मा चौक: दादाभाई नौरोजी रोडची पायी फेरी

एकतीस वर्षं मी फोर्टातल्या बँकेत नोकरी केली. व्हीटीला उतरायचं आणि मस्टर गाठायला कमानींखालून पळत सुटायचं. पावसाळ्यात बराचसा रस्ता छत्री न उघडता पार व्हायचा, एवढीच माझी त्या कमानींशी ओळख. १८९६ च्या नियमाने इथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी अशा कमानी ठेवणं सक्तीचं केलं होतं, हे मला निवृत्तीनंतर, गेल्या रविवारी या रस्त्याच्या पायी फेरीत कळलं.

चारशे रुपये, अडीच तास, वीसेक माणसं. सकाळी लवकर निघतात ते बरं करतात. खांबांना टेकून ठेले लागलेले नसतात, त्यामुळे खांब पायथ्यापासून दिसतो. सुरुवात क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरच्या कोरीवकामापासून: गव्हाच्या शेतात राबणारी माणसं, शिल्पकार लॉकवुड किपलिंगने केलेली. त्या दाराखालून मी किती आंबे घरी नेले असतील, पण मान कधी वर केली नव्हती.

माहिती सांगणारा मुलगा तिशीतला, आवाज खणखणीत, आणि घाई अजिबात नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली आणि आतली लहानशी वाट रुंद होऊन हॉर्नबी रोड झाला, हे त्याने जुना नकाशा फुटपाथवर पसरून दाखवलं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत 'सून कोटात कामाला जाते' असंच सांगायच्या. तो कोट, म्हणजे हा किल्ला, असा बोटाने दाखवलेला पाहून मला भरून आलं. व्हीटी आणि समोरची महापालिकेची इमारत एकाच वास्तुविशारदाची, स्टीव्हन्सची, हेही तिथेच समजलं. सगळ्यात जास्त वेळ मी वाच्छा अग्यारीसमोर, पारशांच्या अग्निमंदिरासमोर, उभी होते. दाराशी पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे दगडी बैल आहेत. दाढीची एकेक बट वेगळी कोरलेली. बाहेरूनच बघायचं, आत फक्त पारशी जातात.

तक्रार आहे, आणि ती मी त्याला तोंडावरही सांगितली. साहेबांच्या वास्तुविशारदांवर पाऊण तास, आणि सिद्धार्थ कॉलेजच्या आनंद भवनासमोरून चालता चालता एक वाक्य! बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी हे कॉलेज सुरू झालं. आमच्या बँकेतले दोघेजण सकाळचे वर्ग करून काउंटरवर बसायचे, त्यातला एक पुढे मॅनेजर झाला. या रस्त्याचा हा इतिहास नाही तर काय? शेवटी तेच झालं. १८६४ च्या फ्लोरा फाउंटनची मूर्ती अन् मूर्ती समजावली, आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या स्मारकापाशी फोटो काढून फेरी संपली. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेले जीव, यावर एक शब्द नाही. ज्यांच्या नावाचा रस्ता, त्या दादाभाईंच्या पुतळ्यापाशीही कुणी थांबलं नाही.

तरी जा. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, तो थांबत थांबत नेतो. पुढच्या महिन्यात मी नणंदेला घेऊन पुन्हा जाणार आहे. त्याला म्हटलं, या वेळी उलट दिशेने ने, हुतात्मा चौकातून सुरुवात कर, सगळे ताजेतवाने असताना. तो 'हो' म्हणालाय.