ट्रॅक खरा, आरक्षण खोटे

पुण्यातील मोटारप्रेमींच्या एका क्लबचा मी खजिनदार आहे. पुढे सांगितलेल्या व्यवहारातील प्रत्येक रक्कम माझ्याच हातून गेली असल्यामुळे ही हकीगत लिहिणे माझ्याकडेच येते. जे क्लब आपल्या सभासदांसाठी ट्रॅक-डे, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर आपापली गाडी चालवण्याचा दिवस, घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी ती पैसे भरण्यापूर्वी वाचावी, एवढाच हेतू आहे.

घाटात किंवा द्रुतगती मार्गावर गाडी पळवण्याची हौस सभासदांनी बंदिस्त ट्रॅकवर भागवावी, ही सूचना आमच्या सभांमध्ये दोन वर्षे येत होती. ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट अंतर आणि खर्च यांमुळे मागे पडले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरच्या ट्रॅककडे काहींचा ओढा होता. परंतु बहुतेक जण रोजच्या वापरातली गाडी घेऊन प्रथमच ट्रॅकवर उतरणार असल्याने कोइमतूरजवळचा सुमारे २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आम्हाला अधिक योग्य वाटला. पुण्याहून अकराशेहून अधिक किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे, त्यामुळे जाता-येता बंगळूरला मुक्काम करण्याचेही ठरले.

याच सुमारास एका सभासदाच्या ओळखीतून एक गृहस्थ आमच्याकडे आले. देशातील सर्व ट्रॅकवर आपण दिवस आरक्षित करून देतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे ज्ञान बनावट नव्हते, आणि आमची खरी फसगत तेथेच झाली. आम्ही नोव्हेंबरचा आग्रह धरला असता, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा जानेवारी घ्या, असा सल्ला त्यांनी दिला. जुने ब्रेक फ्लुइड ट्रॅकवर तापून उकळते आणि पेडल मऊ पडते, म्हणून निघण्यापूर्वी ते बदलून घ्या; टो-हुक, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढण्यासाठीचा हुक, नसलेली गाडी उतरवू नका; नवख्यांची तुकडी वेगळी ठेवा आणि ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यातच करू द्या, हे सारे त्यांनी न विचारता सांगितले. पिवळा झेंडा दिसल्यावर काय करायचे हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्याकडे ट्रॅकचे आरक्षणही असणारच, असे आम्ही मनोमन गृहीत धरले. वास्तविक या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

प्रति गाडी १४,००० रुपये असा दर ठरला. त्यात ट्रॅकचे भाडे, ट्रॅकवर सुरक्षेची देखरेख करणारे मार्शल, रुग्णवाहिका, गाडी ओढून नेणारे वाहन आणि दुपारचे जेवण येत होते. २६ गाड्यांचे ३,६४,००० रुपये जमले. निम्मी रक्कम, म्हणजे १,८२,००० रुपये, मी आगाऊ पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॅकच्या नावाचे, शिक्का व सही असलेले पुष्टीपत्र आले. पंधरा दिवसांनी ट्रॅकच्या नुकसानीपोटी अनामत म्हणून ७५,००० रुपये मागण्यात आले, तेही दिले.

तिसरी मागणी विम्याची होती. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, हे खरेच आहे. त्यामुळे त्या दिवसापुरत्या स्वतंत्र विम्याचे ३९,००० रुपये देताना कोणीही हरकत घेतली नाही. जे कागद आले त्यांवर पॉलिसी क्रमांकही होता. विमा कंपनीला एक फोन केला असता, तर असा क्रमांक त्यांच्याकडे नाही हे दहा मिनिटांत कळले असते. तो फोन आम्ही केला, पण सगळे उघड झाल्यानंतर.

माझी स्वतःची चूक याहून मोठी आहे. कोटेशनवर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव होते. पण जीएसटी क्रमांकातील राज्याच्या दोन अंकांनंतर जो दहा अक्षरी पॅन येतो, त्याचे चौथे अक्षर कंपनीसाठी ‘सी’ असायला हवे, ते येथे व्यक्तीसाठी असणारे ‘पी’ होते. एनईएफटीने पैसे पाठवताना रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नावावर नव्हे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून बँकांनी खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय दिलेली आहे. मी ते पाहिले होते. तेथे तिसऱ्याच व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘ते आमच्या संचालकांचे खाते आहे, साहेब’ असे उत्तर मिळाले, आणि तारीख हातची जाईल या धास्तीने मी पैसे पाठवून मोकळा झालो.

प्रकार उघडकीस आला तो योगायोगाने. कोइमतूर हे पंपांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे आणि आमच्या एका सभासदाचा पंपांचाच व्यापार असल्याने त्यांचे तिकडे जाणे-येणे असते. कार्यक्रमाला बारा दिवस उरले असताना, गाड्या कोठे लावायच्या ते पाहून यावे म्हणून ते ट्रॅकवर गेले. तेथील कार्यालयात आमच्या क्लबच्या नावाची कोणतीही नोंद नव्हती आणि पुष्टीपत्रावरील सही कोणाचीच नव्हती. ट्रॅकचा यात काडीचाही दोष नाही, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांच्याकडे आम्ही एकदाही थेट चौकशी केली नव्हती, आणि मध्यस्थ स्वस्तात देतो आहे या आनंदात ती करावी असे अठ्ठावीस जणांच्या सभेत कोणाला सुचलेही नव्हते.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर आम्ही त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. मात्र शेवटचा हप्ता जाऊन सहा दिवस झाले होते. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता बरीच असते. आमच्या २,९६,००० रुपयांपैकी ४१,००० रुपये तेवढे त्या खात्यात गोठवले गेले. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांबद्दल भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवला गेला आहे. क्लबकडे शिल्लक राहिलेले ६८,००० रुपये सभासदांना समप्रमाणात परत केले. दोघांनी ते घेण्यास नकार दिला, एकाने क्लबच सोडला.

या प्रकाराला दोन महिने होतात तोच नाशिकच्या एका परिचितांनी त्यांच्या क्लबला आलेले पुष्टीपत्र मला पाहण्यासाठी पाठवले. कंपनीचे नाव निराळे होते; परंतु शिक्का तोच होता, आणि आमच्या पत्रात ट्रॅक जेथे आहे त्या चेट्टिपालयम गावाच्या नावातले जे एक अक्षर गळाले होते, ते येथेही गळालेलेच होते. त्यांनी अद्याप एक रुपयाही दिलेला नव्हता. दर मात्र गाडीमागे ५०० रुपयांनी वाढवलेला होता.