आयोडीन व्हेपर सेल: एमएस्सी लॅबसाठी घ्यायचा असेल तर

आमच्या कॉलेजच्या एमएस्सी फिजिक्स लॅबला काचेचा सीलबंद आयोडीन सेल घेतलाय. रेणूच्या एक्सायटेड स्टेट्स (एनर्जी घेऊन वर गेलेल्या अवस्था) मुलांना प्रत्यक्ष डोळ्यांनी दाखवायच्या असतील तर यापेक्षा चांगली वस्तू मला तरी माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आतली हवा काढलेली असते, फक्त आयोडीनचे थोडे खडे असतात, आणि खोलीच्या तापमानालाच कामापुरती वाफ होते. लॅबमध्ये अंधार करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर सोडला की सेलच्या आत बीम चक्क पिवळसर केशरी दिसतो, बाहेर पडला की परत हिरवा. रेणू हिरवा फोटॉन घेऊन बी स्टेट या एक्सायटेड स्टेटच्या ३२ व्या व्हायब्रेशनल (कंपनाच्या) लेव्हलच्या आसपास जातो आणि उतरताना ग्राउंड स्टेटच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या अवस्थेच्या, वेगवेगळ्या लेव्हल्सवर उतरतो, त्याचाच हा रंग. छोटा फायबर स्पेक्ट्रोमीटर लावला तर ५३८, ५४४, ५५० अशी पीक्सची रांगच दिसते, एनर्जीत बघितलं तर अंतर साधारण २१३ सेंटीमीटर इन्व्हर्स (स्पेक्ट्रोस्कोपीतलं एनर्जीचं एकक) आणि पुढे हळूहळू कमी होत जाणारं, म्हणजे अनहार्मोनिसिटी (कंपन आदर्श स्प्रिंगसारखं नसणं) थेट ग्राफवर. काही पीक्स उंच आणि काही जवळजवळ गायबच, तिथे फ्रँक-कॉन्डन (कुठल्या लेव्हलवर उतरायची शक्यता किती, ते सांगणारं तत्त्व) शिकवायला आयता मुद्दा मिळतो. रेणूच्या फिरण्यामुळे प्रत्येक पीकमध्ये असणाऱ्या रोटेशनच्या जोड्या मात्र एवढ्या स्पेक्ट्रोमीटरवर सुट्या होत नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका.

लेसर काढून साधा टंगस्टन बल्ब लावला तरी सेल वसूल. ॲब्सॉर्प्शनचे बँड्स निळ्याकडे जवळजवळ येत ४९९ नॅनोमीटरपाशी संपतात, तिथे रेणू तुटतो, एक अणू ग्राउंड स्टेटमध्ये आणि दुसरा एक्सायटेड. त्या मर्यादेच्या सुमारे २००४० मधून एक्सायटेड अणूच्या जादा एनर्जीचे ७६०३ वजा केले की ग्राउंड स्टेटची डिसोसिएशन एनर्जी (रेणू तोडायला लागणारी एनर्जी) साधारण १२४४० सेंटीमीटर इन्व्हर्स निघते. एका प्रॅक्टिकलमध्ये एवढं फिजिक्स, मला हे फार आवडतं!

आता घेताना काय बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॅक्यूम. आधी एका विक्रेत्याकडून आलेला सेल दिसायला मस्त जांभळा होता पण चमक अगदी फिकी, आत हवा राहिलेली. बी स्टेटचं आयुष्य मायक्रोसेकंदाच्या घरातलं, तेवढ्यात हवेच्या रेणूंशी टक्कर होऊन एनर्जी निघून जाते आणि प्रकाश येतच नाही, त्यामुळे नुसत्या जांभळ्या रंगावर जाऊ नका, पार्सल आलं की लगेच अंधारात लेसर लावून बघा आणि मगच बिल पास करा. क्वार्ट्झसाठी जास्त पैसे देऊ नका, दिसणाऱ्या प्रकाशाला बोरोसिलिकेट काच पुरते. खिडक्या किंचित तिरक्या असतील तर उत्तम, रिफ्लेक्शन सरळ लेसरमध्ये परत जात नाही.

वाचलेले पैसे लेसरवर घाला. स्वस्त हिरवा पॉइंटर गरम होताना मोड बदलतो, म्हणजे त्याची तरंगलांबी किंचित सरकते, आणि आयोडीनच्या रेषा इतक्या बारीक, रेणूंच्या धावपळीने येणारी डॉप्लर रुंदी धरूनही अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास, की चमक कमीजास्त होत राहते आणि मुलांची रीडिंग्ज जुळत नाहीत. टेंपरेचर कंट्रोल असलेलं मॉड्यूल घ्या. अशा लेसरमधून ८०८ आणि १०६४ चं इन्फ्रारेडही बाहेर येऊ शकतं, तेव्हा आयआर फिल्टर आहे का ते विचारा आणि गॉगल्स हिरवा आणि इन्फ्रारेड दोन्हीसाठी रेट केलेले हवेत, यात काटकसर अजिबात नको.

आमच्या सेलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण बाजूला कोल्ड फिंगर (खडे जमायला गार राहणारी छोटी नळी) नाही, त्यामुळे गार हवेत खडे खिडकीवरच जमतात. प्रॅक्टिकलच्या आधी खिडकीवर हलकेच हेअर ड्रायर फिरवला की निघून जातात, पण ऑर्डर देतानाच कोल्ड फिंगरवाला मागा.