केंब्रिजचं 'इलियड' भाष्य, सहा खंड: सगळं आहे, फक्त इलियड नाही

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यावर केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने वेगवेगळ्या अभ्यासकांकडून लिहून घेतलेलं भाष्य माझ्याकडे आहे. त्याच्या चौथ्या खंडाची पाठ तुटली म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर आळसात आणखी वर्ष गेलं असतं. पंधराव्या सर्गापर्यंतचा गठ्ठा एका हातात आणि सोळावा सर्ग मांडीवर. जुनी प्रत होती, विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' म्हणून विकलेली. पाठ सुटल्यावर दिसलं की आत कुणीतरी आधीच गोंदाचा जाड थर चोपडून ठेवला होता. फोटो पाठवले. उत्तर आलं की परतीची मुदत संपली आहे, शिवाय पुस्तक 'वारंवार उघडल्यामुळे' खराब झालेलं दिसतं. भाष्यग्रंथ वारंवार उघडायचा नाही तर काय करायचं, असं विचारलं. त्यावर उत्तर नाही.

पण खरं सांगायचं तर वारंवार उघडण्यापेक्षा तो तासन्‌तास सपाट पसरून ठेवावा लागतो, म्हणून पाठ गेली. आणि तो पसरून का ठेवावा लागतो, हीच माझी मुख्य तक्रार. सहा खंड, शेकडो पानांची प्रस्तावना आणि टिपा, आणि मूळ ग्रीक संहिता कुठेच छापलेली नाही. ओळीचा क्रमांक येतो, दोनचार ग्रीक शब्द येतात आणि टीप सुरू. तुमच्याकडे ऑक्सफर्डची मन्‍रो-ॲलन प्रत (या दोघांनी संपादलेली ग्रीक संहिता) शेजारी आहे असं गृहीत धरलेलं. पोळपाट विकत घ्यायचा आणि लाटणं शेजारणीकडून आणायचं, असा प्रकार.

बरं, हे त्याच प्रकाशनाला जमत नाही असंही नाही. मॅक्लाउडचं चोविसाव्या सर्गावरचं भाष्य १९८२ सालचं, त्यांच्याच हिरव्या-पिवळ्या मालिकेतलं. त्यात संहिता आहे, टिपा आहेत, आणि प्रवासात पिशवीत मावतं. म्हणजे फक्त ट्रॉयचा राजा प्रियाम ग्रीक वीर अकिलीसच्या तंबूत येतो तेवढंच वाचायचं असेल तर रिचर्डसनचा सहावा खंड घेऊच नका, मॅक्लाउड घ्या. पैसेही वाचतील.

माझी सवय बिघडवली ती आपल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताने. संस्कृतवरून ग्रीककडे आलेल्या माणसाला पान म्हणजे काय हे त्याचे संपादक सुकथनकर यांनी शिकवलेलं असतं. आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ साली पुरी झाली. वर संहिता, जिथे खात्री नाही तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ, आणि खाली पाठभेदांचा सगळा कारखाना. पटलं नाही तर त्याच पानावर भांडता येतं. इथे भांडायला आधी दुसरं पुस्तक उघडा.

यात जँकोच्या चौथ्या खंडाची गंमत अशी की त्याला ऑक्सफर्डचा पाठ (म्हणजे ओळीतले शब्द) बऱ्याच ठिकाणी मान्यच नाही. म्हणजे संहिता मी एकाची घ्यायची आणि ती कुठे चुकली हे दुसऱ्याकडून ऐकायचं. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पर्सियस या संकेतस्थळावर मन्‍रो-ॲलनची १९२० सालची संहिता फुकट आहे. तीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली आणि जँको जिथे अडतो तिथे पेन्सिलीने समासात त्याचा पाठ लिहीत गेले. आता ती प्रत मूळ संचापेक्षा जास्त कामाची झाली आहे, आणि खर्च एका जेवणाएवढा. वेस्टने संपादलेली, ट्युबनर या जर्मन प्रकाशनाची आवृत्ती (दोन भाग, १९९८ आणि २०००) मिळाली तर उत्तमच, पण ती नवी घ्यायची माझी ऐपत नाही.

इथपर्यंतचं पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात दोन मतं बदलली, म्हणून पुढचं.

पहिलं कर्कबद्दल. पहिल्या खंडाच्या (१९८५) प्रस्तावनेत तो ओळींची चिरफाड करतो ते मला आधी निव्वळ पानं भरणं वाटलं होतं. त्यात त्याचा एक लाडका नमुना आहे, तीन तुकड्यांची चढती ओळ, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लांब. पहिल्या सर्गातली १४५वी ओळ मोठ्याने म्हणून बघा: 'ए आइआस, ए इदोमेनेउस, ए दीओस ओदुस्सेउस' (किंवा आयास, किंवा इदोमेनेउस, किंवा थोर ओडिसियस). तीन अक्षरं, पाच अक्षरं, सहा अक्षरं. एकदा कानाला कळलं की मग ती ओळ सगळीकडे ऐकू येते, आणि ऐकून ऐकून रचणारा माणूस श्वास कुठे घेत असेल ते समजतं. अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरीने १९२८ च्या पॅरिसच्या प्रबंधांत होमरच्या ठरीव विशेषणांचा हिशोब मांडला, नंतर युगोस्लाव्हियात जाऊन गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. ते सगळं आपण वाचलेलं असतं, पण ओळीच्या आत ते कसं चालतं हे मला कर्कच्या त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या पानांतून कळलं. पहिला खंड ठेवा.

दुसरं मत हेन्सवर्थच्या तिसऱ्या खंडाबद्दल (१९९३). तो मी फक्त संच पुरा करायला घेतला होता. नवव्या सर्गात रुसून लढाई सोडलेल्या अकिलीसची समजूत काढायला तिघे जातात: फीनिक्स, आयास, ओडिसियस. सोबत दोन भालदार. आणि १८२व्या ओळीपासून क्रियापदं द्विवचनी! 'तो दे बातेन', ते दोघे निघाले. संस्कृत शिकलेल्याला इथे ठेच लागतेच. इंग्रजी भाषांतरात वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण त्या भाषेत द्विवचन नाही. 'गच्छतः' आणि 'गच्छन्ति' यांत गोंधळ केला तर आमच्या शाळेत पट्टी बसायची, आणि इथे खुद्द होमर.

यावर शे-दोनशे वर्षं माणसं डोकं लढवत आहेत. कुणी म्हणतं, मूळ कथेत दूत दोनच होते, फीनिक्सला मागाहून घुसवलं आणि क्रियापदं तशीच राहिली. कुणी म्हणतं, दोघे म्हणजे ते भालदार. कुणी पहिल्या सर्गाकडे बोट दाखवतं. तिथे ग्रीक सेनापती अगामेम्नॉनचे दोन भालदार अकिलीसकडची बंदिवान ब्रिसेइस हिला आणायला नाखुशीने समुद्रकाठाने निघतात, तिथेही 'बातेन', तिथेही तोच किनारा, आणि दोन्ही वेळा वाट अकिलीसच्या तंबूकडे. एकदा त्याच्याकडून घ्यायला, एकदा त्याला परत द्यायला. हा शेवटचा विचार मला भारी आवडतो, पण फीनिक्सचं काय करायचं हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि मला वाटतं तो सुटू नये. हेन्सवर्थची या जागेवरची टीप मी इतक्या वेळा वाचली आहे की तो खंड आता आपोआप तिथेच उघडतो. (त्याची पाठ मात्र शाबूत आहे.)

या संचाची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सहा खंड एकमेकांशी सहमत नाहीत. संपादक कर्क, आणि त्याचा कल असा की एवढं थोरलं काव्य रचलं गेल्यावर काही काळ तोंडीच टिकलं. जँको उघडपणे म्हणतो की कवीने सांगितलं आणि कुणीतरी लिहून घेतलं. एकाच नावाच्या संचात हे दोघे शेजारी. पहिल्यांदा चिडले होते, आता हाच फायदा वाटतो. एका मताचे सहा खंड वाचले असते तर झोप आली असती.

सोळाव्या सर्गावर जँको सर्वांत चांगला आहे. अकिलीस त्याचा जिवलग मित्र पत्रोक्लस याला म्हणतो की सगळे ट्रोजन मरोत, सगळे ग्रीक मरोत, फक्त आपण दोघे उरू. या चार ओळी (९७ ते १००) झेनोडोटस आणि अरिस्टार्कस, दोघांनी खोट्या ठरवल्या. अलेक्झांड्रियातल्या या पंडितांची मतं आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः व्हेनिसमधल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखिताच्या समासांतून. फ्रेंच विद्वान व्हिल्वाझाँने १७८८ साली ते छापलं आणि जर्मन विद्वान वोल्फने १७९५ साली त्याच्या जोरावर, हे एकाच कवीचं काम नाही असं म्हणत, होमरच हलवला. त्या हस्तलिखिताची छायाचित्रं फुकट बघायला मिळतात, जरूर बघा. तिथे कशी शिस्त आहे: मधे संहिता, भोवती टिपा. दहाव्या शतकातल्या लेखनिकाला जे सुचलं ते...असो.

एडवर्ड्सचा पाचवा खंड (१९९१) उपमांवरच्या प्रस्तावनेसाठी घ्यावा. बाझेलचं भाष्य संहिता-अनुवादाचं पुस्तक वेगळं आणि टिपांचं वेगळं देतं, म्हणजे प्रश्न सोडवलेला आहे, पण किंमत बघून मी टॅब बंद केला. लॅटिनवाल्यांचं बरं आहे. ऑस्टिनची व्हर्जिलच्या 'एनिड' या लॅटिन महाकाव्याच्या १, २, ४ आणि ६ सर्गांवरची भाष्यं सुटी मिळतात, संहितेसकट, आणि दिदो राणीच्या कथेचा चौथा सर्ग तर जुन्या बाजारात अजून परवडतो.

बाइंडिंगवाल्या काकांनी चौथा खंड पानं शिवून, कापडी पाठ लावून दिला. आता तो टेबलावर स्वतःहून सपाट राहतो, नव्या प्रतीही राहत नाहीत तसा. "ताई, बाकीचे पाचही आणा, एकदाच करून टाकू," म्हणाले. चार नेईन. दुसरा खंड (सर्ग ५ ते ८) मला सर्वांत कमी लागला, आणि त्यातलं जे लागलं ते टिपून ठेवलं आहे. कुणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन. टपालखर्च घेणाऱ्याचा, आणि पाठ आधीच बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.