हात कुणाचा, ते ॲप विचारतच नाही

जुन्या इमारतींची पुठ्ठ्याची मॉडेलं करायचा मला नाद आहे. मापं बहुतेक वेळा हात, स्टेडियन (ग्रीकांचं ६०० फुटांचं माप), रोमन फूट अशीच सापडतात, म्हणून फोनवर एकक बदलून देणारं एक ॲप घेतलं. वर्षभर वापरतोय. पाचपैकी तीन तारे.

आधी रडगाणं. गिझाचा मोठा पिरॅमिड १:५०० प्रमाणात करायला घेतला. पाया ४४० हात, उंची २८०. ॲपमध्ये ‘क्यूबिट’, म्हणजे हात, निवडलं, उत्तर आलं २०१.१६८ मीटर आणि १२८.०१६ मीटर. कापला, चिकटवला, रंगही दिला. झकास दिसत होता. दिसणारच, पाया आणि उंची एकाच पट्टीने चुकली की उतार बरोबरच येतो! मग वाचनात आलं, की शेंडा झडलेला आजचा पिरॅमिडसुद्धा साधारण १३८.५ मीटर उंच आहे. म्हणजे माझा अख्खा पिरॅमिड मोडक्यापेक्षा दहा मीटरनं बुटका.

घोळ असा, की ॲपचा क्यूबिट अठरा इंचांचा, ४५.७२ सेंटिमीटर. इजिप्तचा शाही हात सात तळव्यांचा, म्हणजे २८ बोटांचा, सुमारे ५२.३५ सेंटिमीटर. त्या हिशोबाने पाया २३०.३ आणि उंची १४६.६ मीटर भरते. यादीत मात्र क्यूबिट एकच, आणि तो कुणाचा याचा पत्ता नाही.

स्टेडियनचंही तेच, सरसकट १८५ मीटर. ग्रीसमधल्या ऑलिंपियाची धावपट्टी १९२ मीटरच्या थोडी वर, डेल्फीची १७७-१७८ च्या आसपास. दोन्ही ६०० फुटांच्याच, पण फूट ज्याचा त्याचा. आणि उत्तर सहा दशांश स्थळांपर्यंत! इथे मीटरांचा पत्ता नाही आणि हे मायक्रॉन मोजतायत.

रोमन मापं मात्र चोख. फूट २९.६ सेंटिमीटर, पाच फुटांचा पासुस, हजार पासुसांचा १४८० मीटरचा मैल. मीटरवरून उलटंही जाता येतं, नेट लागत नाही. तिसरा तारा ‘स्वतःचं एकक’ या सोयीचा. त्यात मी ‘शाही हात’, ‘ऑलिंपिया’ आणि ‘डेल्फी’ भरून ठेवलेत. फोन बदलला तेव्हा ती यादी पुसली गेली, परत भरावी लागली, ते सोडा.

नवा पिरॅमिड झालाय. पाया ४६ सेंटिमीटर, कपाटाच्या फळीवर मावत नाही. फळीवर बुटकाच आहे.